मुलाच्या हातात जोर कमी आहे म्हणतात, मग क्वार्टरबॅक म्हणून पुढे काय?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा १५ वर्षांचा आहे, टेक्सासमध्ये शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या जेव्ही संघात, म्हणजे मुख्य संघाच्या खालच्या संघात, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून पुढे पोचवणारा, म्हणून खेळतो. त्याच्याच वर्गातला दुसरा मुलगा बॉल ५५ यार्ड फेकतो, तुमचा जेमतेम ४०. मात्र तुमच्या मुलाच्या हातातून बॉल पटकन सुटतो, हे सगळेच मान्य करतात. संघाचे कोच म्हणाले, 'हात अजून कमी पडतो.' एक खासगी कोच भरपूर फी घेऊन सहा महिन्यांत हात तयार करून देतो म्हणतोय. यात मुलाचं काही भविष्य आहे, की आत्ताच रिसीव्हरची, म्हणजे फेकलेला बॉल झेलणाऱ्याची, जागा धरलेली बरी, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा सांगलीचा. इथे टेक्सासमध्येच एका सरकारी हायस्कूलला गणित शिकवतो आणि गेले १७ सीझन शाळा सुटल्यावर क्वार्टरबॅक मुलांकडे बघतो. कॉलेजच्या संघात मी काम केलेलं नाही. तिथे काय बघतात हे मला कळतं ते आमच्याकडून तिथे गेलेल्या मुलांकडून, आणि दर वसंतात आमच्या मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहणाऱ्या कॉलेजच्या कोचेसकडून. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही. त्याची उंची अजून किती वाढेल, हाताचा पंजा केवढा आहे, त्याच्या शाळेचा संघ कसा खेळतो, यावर बरंच ठरतं. त्यामुळे 'होईल' किंवा 'नाही होणार' असं मी सांगणार नाही. पण विचार कसा करायचा ते नक्की सांगू शकतो, कारण या एका गोष्टीपायी मी चांगली मुलं हिरमुसून खेळ सोडताना पाहिली आहेत.

बॉल किती लांब जातो, हा खरा प्रश्नच नाही. सामन्यात ६० यार्डांचा पास क्वचित लागतो. खरा प्रश्न वेळेचा आहे. रिसीव्हर मोकळा होतोय हे डोळ्यांना दिसल्यापासून बॉल त्याच्या हातात पडेपर्यंत किती वेळ गेला? या वेळेचे तीन तुकडे पडतात. ओळखून ठरवायला लागलेला वेळ, ठरवल्यापासून बॉल हातातून सुटेपर्यंतचा वेळ, आणि बॉलचा हवेतला प्रवास. हाताचा जोर फक्त तिसरा तुकडा कमी करतो. पटकन सुटणारा हात, ज्याला इथे क्विक रिलीज म्हणतात, दुसरा कमी करतो. पहिला तुकडा डोक्यातला आहे, आणि बहुतेक मुलांचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो.

आता गणिताच्या मास्तराला थोडं गणित करू द्या. ताशी ४५ मैलांनी सुटलेला बॉल सेकंदाला २२ यार्ड जातो, ५५ मैलांनी सुटलेला सुमारे २७. हवेचा अडथळा सोडून देऊ. आतल्या बाजूला तिरक्या धावणाऱ्या रिसीव्हरला द्यायचा छोटा पास, म्हणजे स्लँट, समजा १२ यार्डांचा आहे. जोरकस हाताने तो ०.४४ सेकंदात पोचतो, साध्या हाताने ०.५५ सेकंदात. फरक सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. आमच्या मुलांचे व्हिडिओ मोजतो तेव्हा चटपटीत आणि संथ रिलीजमध्ये सहज ०.१५ सेकंदाचा फरक निघतो. म्हणजे स्लँटला तुमच्या मुलाचा बॉल ५५ यार्डवाल्याच्या बॉलच्या आधी पोचू शकतो. धावत येणारा बचावपटू सेकंदाला ८ यार्ड कापतो असं धरलं, तर ०.१५ सेकंद म्हणजे एक यार्डाहून जास्त. रिसीव्हरच्या छातीवर आलेला बॉल आणि मध्येच कुणी हात घालून उडवलेला बॉल यांत एवढंच अंतर असतं.

पण हेच गणित लांबच्या पासला उलटतं, आणि कोचचं म्हणणं तिथे खरं आहे. खेळी मैदानाच्या ज्या मधल्या पट्ट्यातून सुरू होते, त्याच्या दोन कडा म्हणजे हॅशच्या खुणा. हायस्कूलच्या मैदानावर त्या मैदानाचे उभे तीन सारखे भाग करतात. दोन हॅशमधलं अंतर ५३ फूट ४ इंच. कॉलेजात ते ४० फूट, एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, फक्त १८ फूट ६ इंच. म्हणजे शाळेत खेळ एका हॅशवरून सुरू झाला आणि पलीकडच्या साइडलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या कडेजवळ, बाहेर वळणाऱ्या रिसीव्हरला १५ यार्डांचा आउट पास टाकायचा असला, तर क्वार्टरबॅक मागे सरकलेला असतो ती ७ यार्ड धरून बॉलला हवेत ३९ यार्डांच्या आसपास जावं लागतं. तोच पास एनएफएलमध्ये साधारण ३५ यार्डांचा होतो. वरच्या पातळीचा खेळ अवघड असतो हे खरंच, पण हा एक पास शाळेतल्या मुलालाच जास्त लांब पडतो. ३९ यार्डांना ४५ मैलांचा बॉल १.७७ सेकंद घेतो, ५५ मैलांचा १.४४. एक तृतीयांश सेकंद! तेवढ्यात कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, अडीच यार्ड पुढे येतो. ही भरपाई नुसत्या रिलीजने होत नाही. कॉलेजचा कोच मैदानाच्या कडेला उभा राहून नेमका हाच पास मागतो, कारण हात कमी पडला की इथे लपवता येत नाही.

लपवता येत नाही, पण टाळता येतो. जवळच्या बाजूला तोच पास २७ यार्डांचा आहे. चांगला कोच साध्या हाताच्या मुलाला लांबच्या हॅशवरून तो पास देतच नाही. आणि मुलगा स्वतः वेळेच्या आधी, म्हणजे रिसीव्हर वळायच्या आधी, बॉल सोडायला शिकला तर पहिल्या तुकड्यातून अर्धा सेकंद वाचतो. तेवढा हाताच्या जोराने कधीच वाचत नाही.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा होता. हात असा की सराव बघायला आलेले बाप गप्प होऊन बघत राहायचे. शुक्रवारच्या रात्रीचा सामना, चारपैकी तिसरा प्रयत्न (डाउन), ८ यार्ड हवे होते. त्याला रिसीव्हर दिसला, बरोबर दिसला. त्याने बॉल दोन्ही हातांतून काढला, खाली कमरेपर्यंत नेला, मागून गोल फिरवून वर आणला आणि मग फेकला. बॉल सणसणत गेला. पण समोरचा कॉर्नरबॅक, उंचीने माझ्याएवढा पोरगा, बॉल कमरेशी गेला तेव्हाच धावायला लागला होता. त्याने तो वाटेतच घेतला आणि उलट दिशेने पळत टचडाउन केला, म्हणजे बॉल आमच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. दुसऱ्या दिवशी आम्ही व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. बॉल खाली गेल्यापासून हातातून सुटेपर्यंत त्या पोराने साडेतीन पावलं टाकली होती. आमचा मुलगा स्क्रीनकडे बघत म्हणाला, 'सर, मी तर त्याला सांगूनच फेकला की.'

आता मोठ्या खेळाडूंकडे बघू. तुमच्या यजमानांनी पाठवलेल्या यादीत सगळे ताकदवान हातवालेच आहेत म्हणून सांगतो. एनएफएलचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याला ड्राफ्ट म्हणतात. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये डॅन मरीनो २७ व्या क्रमांकावर गेला, पहिल्या फेरीतला सहावा क्वार्टरबॅक. हात उत्तम होताच, पण त्याची खरी ओळख म्हणजे कानाशेजारून चाबकासारखा सुटणारा बॉल. १९८४ मध्ये त्याने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन फेकले, आणि अख्ख्या सीझनमध्ये त्याला बॉलसकट पाडलं गेलं ते फक्त १३ वेळा. तो काही चपळ पळणारा नव्हता. त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत बॉल गेलेला असायचा. कर्ट वॉर्नरला १९९४ मध्ये कुणी ड्राफ्टच केलं नाही. तो अरेना फुटबॉल खेळला, जिथे मैदान अवघं ५० यार्डांचं असतं आणि बॉल हातात ठेवायला उसंतच नसते. तिथून आलेल्या वॉर्नरने १९९९ मध्ये ४१ टचडाउन फेकून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. आणि पेटन मॅनिंग! मानेच्या शस्त्रक्रियांमुळे २०११ चा सीझन गेला, बोटांतली संवेदना पुरती परतली नाही, हात पूर्वीचा राहिला नाही हे टीव्हीवरही दिसायचं. तरी २०१३ मध्ये त्याने ५५ टचडाउन आणि ५,४७७ यार्डांचे विक्रम केले. पहिला तुकडा, डोक्यातला, त्याच्याइतका छोटा फार थोड्यांनी केला असेल.

दुसऱ्या टोकाला जामार्कस रसेल. २००७ च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिला निवडला गेला, त्यात हाताच्या ताकदीचा वाटा मोठा होता. तीन सीझनमध्ये १८ टचडाउन, २३ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या संघाने पकडलेले पास, आणि तिथेच कारकीर्द संपली. त्याच्या अपयशाला बाकीची कारणंही होती. पण जोर असला की उरलेलं शिकवता येईल, या समजुतीची किंमत त्या वर्षी एका संघाने मोजली, एवढं नक्की.

म्हणून जोर बिनकामाचा, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. जोर म्हणजे चूक निभावून नेण्याची मुभा. पाय नीट रोवले गेले नाहीत, कुणी अंगावर येतंय, अर्धा सेकंद उशीर झालाय, वारा समोरून आहे, अशा वेळी जोरदार हाताचा मुलगा तरीही पास पूर्ण करतो. साध्या हाताच्या मुलाला पाय, नजर आणि वेळ तिन्ही बरोबर लागतात. पातळी चढत जाते तशी ही मुभा महाग होते, म्हणून तिथले लोक ती आधी शोधतात.

आता तुमच्या मुलाचा रिलीज खरंच झटपट आहे का, ते घरीच तपासा. सगळे म्हणतात त्यावर जाऊ नका. फोनवर स्लो मोशन २४० फ्रेमला लावा, त्याच्या फेकत्या हाताच्या बाजूने उभं राहून दहा पास काढा. बॉलवरून दुसरा हात सुटतो त्या फ्रेमपासून बॉल बोटांतून सुटतो त्या फ्रेमपर्यंत मोजा. शंभरच्या आत फ्रेम असतील, म्हणजे साधारण ०.४ सेकंद, तर हात छान सुटतोय. १३० च्या वर गेल्या तर बॉल कुठेतरी फिरायला जातोय. बहुतेक वेळा तो खाली कमरेकडे जातो. यावर माझा एकच जुना उपाय आहे. मैदानाच्या जाळीच्या कुंपणाकडे पाठ करून मुलाला उभं करायचं, कुंपण आणि खांदा यांत हातभर जागा, आणि समोर १० यार्डांवर फेकायला सांगायचं. बॉल मागे-खाली गेला की हात जाळीवर आपटतो, खण्ण आवाज होतो. मला तोंड उघडावं लागत नाही. पहिल्या दिवशी कुंपण सारखं वाजत असतं. आठवड्याने अधूनमधून वाजतं. तीन आठवड्यांनी मुलगा स्वतःच कुंपणापासून पुढे येतो.

पण इथे माझी एक चूक सांगायलाच हवी. आमच्या एका मुलाचा हात खांद्याच्या खालून, बाजूने यायचा. दिसायला वेडावाकडा, पण बॉल लवकर सुटायचा आणि जागेवर जायचा. मी पुस्तकात दाखवतात तसा त्याचा हात वर आणायला लावला. पुढचा सीझनभर बॉल कुठे जाईल याचा त्याला स्वतःला भरवसा राहिला नाही. त्याचं एक वर्ष माझ्यामुळे गेलं, हे मला अजून बोचतं. फिलिप रिव्हर्स बॉल ढकलल्यासारखा, बाजूने फेकायचा, आणि त्याच हाताने एनएफएलमध्ये सलग २४० सामने सुरुवातीपासून खेळला. हाताचा कोन दिसायला कसा आहे यापेक्षा तो किती वेळ खातो ते बघा. आणि मुळात लांबलचक फिरणारा हात मोठेपणी बदलणं फार कठीण असतं. टिम टीबो २०१० च्या ड्राफ्टआधी त्याची फेक छोटी करायला झटला. पण सामन्याच्या धामधुमीत जुनी सवय परत यायची, आणि २०११ मध्ये त्याचे निम्म्याहून कमी पास पूर्ण झाले. तुमच्या मुलाला ही सवय १५ व्या वर्षी आपसूक चांगली लागली असेल, तर ती जपा. जोर वाढवायच्या नादात ती बिघडली तर भरून येत नाही.

उन्हाळ्यातल्या सेव्हन-ऑन-सेव्हनच्या, म्हणजे सात-सात जणांच्या, स्पर्धांवरून मात्र काही ठरवू नका. तिथे अंगावर येणारं कुणी नसतं, त्यामुळे संथ हाताची मुलंही तिथे राजासारखी दिसतात. तुमचा मुलगा तिथे त्या दुसऱ्या मुलापेक्षा फिका वाटत असेल तर त्यात नवल नाही. दोघांना खऱ्या सामन्यात, पॉकेट, म्हणजे क्वार्टरबॅकभोवतीचं संरक्षणाचं कडं, कोसळत असताना, बघा.

आता जोर वाढवण्याचं. १५ व्या वर्षीचा हात हा शेवटचा हात नसतो. जॉश ॲलनला हायस्कूल संपताना एकाही मोठ्या विद्यापीठाने बोलावलं नाही. तो कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कम्युनिटी कॉलेजात गेला, शरीर उशिरा भरलं, मग वायोमिंग विद्यापीठ, आणि २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर ड्राफ्ट. तेव्हा त्याचा हात सर्वांत जोरदार मानला जात होता. तरीही पहिल्या वर्षी त्याचे ५२.८ टक्केच पास पूर्ण झाले. पाय आणि कंबर कशी वापरायची यावर त्याने मेहनत घेतली आणि २०२० मध्ये तो आकडा ६९.२ वर गेला. म्हणजे जोर आपोआप आला, नेम मात्र त्याने शिकून मिळवला.

जोर हातात नसतोच. तो पायातून येतो, कंबर आधी वळते, खांदा मागून येतो, कोपर आणि मनगट शेवटी. आपल्याकडे सीमारेषेवरून थेट यष्टीवर फेकणारा मुलगा आठवा, तोही पूर्ण अंगाने फेकतो. फरक एवढाच की क्रिकेटचा बॉल १६० ग्रॅमच्या आसपास असतो, आणि हा ४०० ग्रॅमच्या वर, शिवाय लांबुळका. त्यामुळे पंजा छोटा असेल तर जोर असूनही बॉल निसटतो, डगमगत जातो. मुलाचा बॉल घट्ट गोल फिरत जात नसेल तर आधी पकड बघा, हाताला दोष नंतर द्या. त्याला बसून उठायचे, ढांगा टाकायचे, कमरेतून जड चेंडू फेकायचे व्यायाम करू द्या. जमत असेल तर वसंतात बेसबॉल खेळू द्या. पॅट्रिक महोम्सचे वडील व्यावसायिक बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, होते आणि तो स्वतः इतका बेसबॉल खेळला की २०१४ मध्ये डेट्रॉइटच्या बेसबॉल संघाने त्याला ड्राफ्ट केलं होतं. त्याच्या वेगवेगळ्या कोनांतून सुटणाऱ्या बॉलमध्ये ते मैदान दिसतं. फक्त पिचिंग आणि फुटबॉलचा सराव एकाच आठवड्यात नको.

खासगी कोचबद्दल. सहा महिन्यांत हात तयार करून देतो म्हणणारा माणूस एकतर वाढत्या वयात येणारा जोर स्वतःच्या नावावर लावणार, नाहीतर दिवसाला दोन-दोनशे पास फेकायला लावणार. दुसरं जास्त धोक्याचं. त्याला विचारा: आठवड्याला किती पास? मधले आराम किती दिवस? पायांवर किती वेळ? तो फक्त हाताबद्दलच बोलत राहिला तर पैसे देऊ नका. आणि मुलाला कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हटलं, तर त्या दिवशीच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. तिथला लिगामेंट गेला की काय होतं ते जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉक पर्डीच्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. ऐन उपांत्य सामन्यात कोपराला मार बसला आणि त्याला बॉल पुढे फेकताच येईना. हा तोच पर्डी, जो २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेला होता, कारण त्याचा हात आणि उंची दोन्ही बेताची मानली गेली. बॉल कुठे टाकायचा हे लवकर कळणाऱ्यांतला तो एक, आणि शस्त्रक्रियेनंतर परत येऊन त्याने संघाला पुढच्याच सीझनमध्ये सुपर बोलपर्यंत नेलं.

भविष्याचं स्पष्ट बोलतो. देशभरात दहा लाखांच्या आसपास मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. सर्वांत वरच्या पातळीची विद्यापीठं १३० च्या घरात, आणि त्यांतलं प्रत्येक साधारण वर्षाला एखादाच क्वार्टरबॅक घेतं. तिथे ४० यार्डांचा हात आजच्या घडीला चालणार नाही. पण खालच्या डिव्हिजनमध्ये, जिथे छोटे पास जास्त आणि बॉल लवकर सोडायचा असतो, तिथे चटपटीत हाताची मुलं मी स्वतः पाठवली आहेत. त्यात डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, हे हिशोबात धरा. अभ्यासाची मिळू शकते.

तेव्हा रिसीव्हर करायची घाई मी करणार नाही. मात्र त्याला दोन्ही शिकू द्या. रिसीव्हर म्हणून धावलेल्या मुलाला बॉल कधी हवा असतो हे अंगात भिनतं, आणि पहिला तुकडा तिथेच कमी होतो. पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबा. तोवर उंची, वजन आणि त्या दहा पासांच्या फ्रेम दर दोन महिन्यांनी एका वहीत लिहून ठेवा, आणि कोचना भेटायला जाताना ती वही घेऊन जा. 'हात कमी पडतो' म्हणजे नेमका कोणता पास कमी पडतो, कोणत्या हॅशवरून, हे त्यांना विचारा. आमच्याकडे कुणी पालक असं विचारायला आले, तर मी त्यांना सरळ मैदानावर घेऊन जातो आणि ती जागा दाखवतो.